उलटा के

शाळा बंद होतेय, म्हणून कपाट रिकामं करायचं होतं.
कप नव्या शाळेत जाईल, म्हणाले,
वह्यांचं काय ते तुम्हीच बघा, लिओटा.
तर या वह्या. अठ्ठ्याऐंशी मोसमांच्या अठ्ठ्याऐंशी,
त्यातली एक कोरी.

पहिलीत शाई आहे. एकोणीसशे एकवीस.
ग्लोव्ह मागवले नऊ, आले सात,
तेव्हा फर्स्ट बेसवर राइनहोल्ड कौट्झ
बापाचा बीट उपटायचा हातमोजा घालून उभा राहिला.
रेषा आखल्या साखर कारखान्यातल्या चुन्याच्या मळीने.
पाहुण्यांचा कॅचर नाकाला रुमाल बांधून बसला.
आमच्या पोरांना तो वास येतच नसे.
निकाल एकतीस–दोन. दोन आमचे.

मोसम म्हणायचा, पण नेब्रास्कात एप्रिलमध्येही बर्फ,
आणि मे लागला की पोरं बिटाच्या विरळणीला,
आखूड दांड्याचं खुरपं घेऊन, दिवसभर वाकून.
म्हणून दर वहीत मेचं एखादं पान असं:
खेळाडू सहा. सामना सोडला.

बेचाळीसच्या वहीत चौथ्या ओळीवर
ताडाओ मोरिनागा, थर्ड बेस.
हार्लोच्या लोकांनी निरोप धाडला होता, त्याला आणू नका.
नाव खोडलंय.
खोडणाऱ्याने हात दाबला नाही,
रेघेखालचं अक्षर न् अक्षर लागतं.
याला लाज म्हणायचं की भीती,
मला अजून ठरवता आलेलं नाही.
वहीत एक पत्र आहे, चव्वेचाळीसचं, इटलीहून:
हार्लोशी यंदा काय झालं, कळवा.
कोणी कळवलं का, ते वहीत नाही.

सत्तावन्नला लिंकनपर्यंत पोचलो. एकदाच.
युसेबियो क्विंटानारने अकरा इनिंग टाकल्या,
आणि एका धावेने हरलो.
आदल्या रात्री हॉटेलवाल्याने त्याला खोली नाकारली,
मग सगळेच बसमध्ये झोपले.
हेही वहीत नाही. बस चालवणाऱ्याने सांगितलं,
म्हणजे माझ्या बापाने.
कप दुसऱ्या नंबरचा. जाणार तो हाच.

चौसष्टमध्ये मी मैदानावर गेले.
भावापेक्षा लांब फेकायचे, ते सगळ्यांना माहीत होतं.
कोच स्ट्रो जरा वेळ बघत राहिले, मग म्हणाले,
अक्षर कसं आहे तुझं?
अक्षर चांगलं होतं.

खुणा शिकले. तीनदा हुकला तर के.
आणि बॅट खांद्यावरच ठेवून
चेंडू जाताना नुसता बघत बाद झाला,
तर के उलटा काढायचा,
भिंतीकडे तोंड करून उभ्या केलेल्या पोरासारखा.

कोरी वही त्र्याऐंशीची.
कारखान्याचा भोंगा थांबला, घरं निघाली,
अख्ख्या शाळेत खेळण्याजोगे मुलगे सात.
पुढच्या वर्षी दहा झाले. चुना दुकानातून आणला,
पांढराशुभ्र, बिनवासाचा.
रेषा कुणा दुसऱ्याच गावच्या वाटल्या.

शेवटचा सामना गारांनी थांबवला,
पाचवी इनिंग संपता संपता, आम्ही चारने पुढे.
पाच झाल्या की तो पूर्ण धरतात.
म्हणजे जिंकलो.
टाळ्या वाजवायला कोणी थांबलं नव्हतं, सगळे गाड्यांत.

त्याआधी मार्चमध्ये मंडळाची सभा झाली.
विरोधात कोणाला बोलायचंय का, अध्यक्षांनी विचारलं.
मी तिसऱ्या रांगेत. मांडीवर वही, सवयीने,
पेन्सिल तासलेली.
त्यांनी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा,
थेट माझ्याकडे बघून.
माझ्याकडे शब्द होते. घरून पाठ करून नेले होते.
हातोडी पडल्यावर मी पानाच्या कोपऱ्यात,
माझ्या नावापुढे,
बारीक, एक खूण काढली.

वह्या आता गाडीत आहेत, मागच्या सीटवर.
वळणावर घसरतात,
म्हणून पट्टा लावलाय.