मीठ

मागच्या दारापासून खोपीपर्यंत चाळीस फूट.
सरळ मोजले तर.
पण मध्ये फणस उभा, आणि त्याच्या मुळांना
टेप कळत नाही,
म्हणून चर वळला, त्रेपन्न झाले.

बावीस वर्षं बोटींवर वायरी ओढलेला तू
काठावर बसून म्हणायचास, आणखी खोल,
आणि कुदळ माझ्या हातात.
बोरीची जमीन ती. वर माती, आत चिरा.
गुडघाभर खाली निघालं काय काय:
सोड्याच्या बाटलीची गोटी,
दाराची एक बिजागरी,
चावीचा पत्र्याचा बेडूक,
ज्याच्याशी आपल्या घरात कुणीच खेळलं नव्हतं.

इनास वायरमन स्कूटर लावून बघत राहिला.
"सगुणबाब, माडावरून माडावर ओढली असती,
अर्ध्या दिवसाचं काम."
तू म्हणालास, "झावळ पडते."
एवढंच.
झावळ पडते हे तू इथं नसताना
बावीस वर्षं लक्षात ठेवलंस.
पोर कितवीत, ते मात्र दर फोनला विचारायचास.

केबल निजवली. तिच्यावर वाळू.
वाळूवर गोठ्याची जुनी कौलं, फुटकी.
कौलं कशाला?
"उद्या कुणी खणलं तर
कौल लागलं की हात थांबेल."
कुणी म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही.
पोरीचा पासपोर्ट आता पोर्तुगालचा आहे.

मग अर्थिंगचा खड्डा.
तांब्याची प्लेट, भोवती कोळसा,
आगरातलं जाडं मीठ,
एक थर हे, एक थर ते,
मी बरणीत तोरं घालते अगदी तसं.
"बोटीवर जमीन कुठून आणायचात?"
"तिथं लोखंडालाच जमीन म्हणायचं,"
तू म्हणालास, हात झटकलेस.
बोटीबद्दल तू मला आपणहून काही सांगितलं नव्हतंस कधी.
हेही मी विचारलं म्हणूनच.

त्या रात्री खोपीत दिवा लागला.
बाकावर गावभरचे बंद पडलेले पंखे, पोटं उघडी,
त्यांच्यावर वाकलेला तू.
मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं,
परसातल्या काळोखात एवढीशी बोट
नांगर टाकून उभी असल्यासारखी.
पुन्हा गेलास की काय!
ह्या वेळी निदान पोहोचता येईल एवढ्या लांब.

तुझ्या खोपीचा एमसीबी मात्र माझ्याकडे,
मसाल्याच्या फळीच्या वर.
(तूच बसवलास. आता पस्तावतोस.)
हाक मारून उपयोग नाही,
कान इंजिनरूमनं ठेवून घेतले.
म्हणून बांगड्याच्या हुमणाला कढ आला
की मी बटण खाली पाडते.
अंधार.
मग टॉर्च, मग चपला,
मग दारात तू कुरकुरत,
की भटजींचा पंखा अर्ध्यावर होता, आता सगळं पहिल्यापासून.
जेवताना दोनदा वाढून घेतोस.

मार्च आला तसा तू मला नेऊन खड्डा दाखवलास.
उन्हाळ्यात ह्याला पाणी घालायचं, दर आठ दिवसांनी.
सुकली तर जमीन वीज घेत नाही.
तेव्हापासून अबोलीला घालून उरलेली
अर्धी कळशी मी तिथं ओतते.

कुंपणापलीकडून तिलोत्तमा रोज बघते.
शेवटी काल विचारलंच तिनं,
काय गं, काय पेरलंयस तिथं, उगवत कसं नाही?

मीठ, म्हटलं.