जांभई

मेडिकलच्या डिसेक्शन हॉलमध्ये बाबांनी
एकतीस वर्षं काढली.
मेरुरज्जूतून निघणाऱ्या नसांच्या जोड्याही एकतीसच,
हे ते निरोपाच्या भाषणात सांगणार होते.
माईक हातात आला तेव्हा म्हणाले, 'चला, चहा घ्या.'

शिक्षण सातवी.
पण परीक्षेच्या आदल्या दिवशी फर्स्ट इयरचे पोट्टे
त्यांनाच गाठायचे : दयारामभाऊ, एकदा सांगा ना.
मग बादलीतून मेंदू निघायचा,
फॉर्मालिननं घट्ट झालेला, खव्याच्या गोळ्यासारखा.
'जित्ता असा नसते बरं. जित्ता लय नरम, बोट रुतते.
म्हणून तं पाण्यात ठेवला, अन् वरून तीन पडदे.
पयला ताडपत्रीवानी,
मंधातला कोळ्याच्या जाळ्यावानी,
आतला चिपकूनच रायते, काढाले गेलं का फाटते.'
एखादा म्हणायचाच, म्हणजे संत्रा.
बाबांना ते आवडायचं नाही.
'संत्र्याच्या फोडी सोडवता येतात बे.'

मला मात्र त्यांनी मेंदू कधी दाखवला नाही.
रविवारी सायकलवर बसवून
डायमंड क्रॉसिंगपाशी न्यायचे,
रूळ रुळाला छेदून जातात तिथं.
'मस्तिष्कपुच्छापाशी असंच होते पोर्णी,
डाव्या मेंदूचा हुकूम उजव्या हाताले जाते.'
मी आठ वर्षांची. मालगाडीचे डबे मोजत होते.

एप्रिलात, पोहे खाताना,
तर्री त्यांच्या शर्टावर सांडली
आणि ते सांडलेल्याकडे नुसते बघत राहिले.
डॉक्टर गेडामांनी फिल्म खिडकीला लावली.
त्या बोलायच्या आत बाबांनी डावं बोट उचलून
नेमका डाग दाखवला.

उजवा हात गेला. शब्द गेले.
सगळे नाही. एक ते वीस येतात.
'काहून बे' येतं, अगदी ठसक्यात,
आणि एक शिवी, जी आईसमोर कधी दिली नव्हती.
माझं नाव येत नाही.
मी समोर बसले की ओठ जुळवतात,
मग सोमवार, मंगळवार, बुधवार करत
शुक्रवारपाशी थांबतात,
जणू मी तिथंच कुठंतरी असेन.

मेमधली दुपार. रामबागेतली आमची खोली.
कूलरचा वाळा ओला करून मी आत आले.
बाबांनी जांभई दिली, जबडा पूर्ण उघडून,
आणि उजवा हात उठला.
कोपरात वाकला, छातीपर्यंत आला,
बोटं थोडी उलगडली.
जांभई संपली. हात परत चादरीवर.
मी ओरडले. आई कणकेच्या हातांनी धावत आली.
'बाबा, परत! परत उचला!'
ते हाताकडे बघत होते,
टेबलावर कुणाचा तरी राहून गेल्यासारखा.

डॉक्टर म्हणाल्या, होतं असं कधीकधी.
वरचा रस्ता बंद पडला तरी
खालचा एक जुना मार्ग, मानेच्या वरचा,
जांभईच्या वेळी मेरुरज्जूला परस्पर निरोप देतो.
ह्याला सुधारणा म्हणू नका.
बाबांनी मान हलवली,
एखाद्या पोट्ट्यानं बरोबर उत्तर दिल्यासारखी.

नाही म्हणत मी सुधारणा.
पण जांभई एकाची दुसऱ्याला लागते,
हे डॉक्टरांच्या ध्यानात नसावं.
रोज दुपारी कूलरच्या घरघरीत
स्टूल घेऊन मी त्यांच्यासमोर बसते
आणि झोप नसताना तोंड उघडते.
ते ओळखतात. 'काहून बे.'
मी पुन्हा उघडते.
तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांचा जबडा सैल होतो,
डोळ्यांत पाणी जमतं,
आणि तो हात निघतो,
कुणाच्याही हुकमाशिवाय.

मी माझा हात त्याच्या वाटेत धरून ठेवते.