एकच डबा

मंगळवारी साडेदहाला चर्चच्या तळघरात वाफ दाटते.
मुळ्याचं सार, सोयासॉसमध्ये आटवलेले बटाटे,
किमची बारीक चिरून.
बारीक, कारण यादीतल्या अकरा जणांच्या
दातांची बेरीज फार होत नाही.

ड्रायक्लीनिंगचं दुकान विकलं तेव्हापासून गाडी मी चालवते.
तीस वर्षं लोकांचे कोट ओळखले, चेहरे नाही.
आता दारं ओळखते.
कुक बाईंचं दार आधी खोकतं, मग उघडतं.
प्यो आजोबा साखळीच्या फटीतून नुसता हात काढतात
आणि तो हातच किंचित वाकून आभार मानतो.

दोनशे सातमध्ये मल-सून.
मल म्हणजे शेवट. पाचवीही मुलगीच झाली तेव्हा
बापाने नावातच देवाला बजावलं, आता पुरे.
मग सहावी झाली.
तिचं नाव काय ठेवलं, मी विचारलं.
"तोवर बाप थकला होता," म्हणाली.
एकाहत्तर साली एका अमेरिकन सैनिकाची बायको होऊन
टकोमाला आली. तो गेला,
त्याची पेन्शन राहिली आणि खुर्ची.
खुर्चीत ती बसत नाही.

रिकामं भांडं परत करू नये,
हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.
डबा खरं तर फेकायचा, ॲल्युमिनियमचा, पातळ.
ती तो घासते, चेपलेले कोपरे अंगठ्याने सरळ करते,
आत काहीतरी घालून देते:
कुंडीतली पेरिलाची चार पानं.
एकदा कोटाचं बटण.
"तुझ्याच दुकानात तुटलं होतं. सत्त्याण्णव साली."

फेब्रुवारीत डब्याच्या तळाला ओरखडे दिसले,
चार-चार, शेजारी शेजारी.
मल-सून काट्याने जेवत नाही.

वरच्या मजल्यावरचे पर्व्हिस. पूर्वी बस चालवायचे.
कोरियन नाहीत, म्हणून यादीत नाहीत.
साडेबाराला कठडा धरून एकेक पायरी उतरतात,
त्या खुर्चीत बसतात.
किमचीने डोळ्यांतून पाणी वाहतं,
टोपीने वारा घेतात,
आणि पुन्हा वाढून घेतात.

मला चांगुलपणाचा झटका आला.
समितीत भांडले, अर्ज भरला,
यादीच्या बाराव्या ओळीवर
आमच्या लिपीत त्यांचं नाव बसवलं: फो-बि-स.
पुढच्या मंगळवारी दोन डबे.
त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या मंगळवारी दोनशे सातच्या दारावर चिठ्ठी,
भाताच्या शिताने चिकटवलेली, शीत अजून ओलं.
अक्षरं शाळेबाहेर शिकलेली, एकेक सुटं उभं:
दुसरा डबा नको.

बेल दाबली.
"आता तो वरच जेवतो," ती म्हणाली.
"त्याचं त्याला मिळतं. गुडघे कशाला झिजवेल?"
माझ्याकडे बघत नव्हती. खुर्चीकडेही नाही.
गॅसवरचं पाणी उकळत होतं, ते बघत होती.

आमच्या भाषेत माफी मागायच्या बऱ्याच तऱ्हा आहेत,
धाकट्याने थोरल्याची, दुकानदाराने गिऱ्हाइकाची.
त्यातली एकही मापाची निघेना.
वर जाऊन पर्व्हिसना काय सांगितलं
ते इथे लिहीत नाही. थोडं खोटं होतं.

बाराव्या ओळीवर आता काट आहे.
दोनशे सातचा डबा सगळ्यात शेवटी भरतो,
भात उलथन्याने दाबून, बटाटे कडेने कोंबून.
झाकण बसत नाही, दोऱ्याने बांधते.

आज परत आलेल्या डब्यात ओरखडे,
आणि बसचं एक जुनं टोकन, पितळेचं, घासून लख्ख.

"हे त्याचं," मल-सून म्हणाली. "कशाच्या कामाचं नाही.
पण रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून
जेवण होईपर्यंत कटकट करत बसला होता.
आणि हो, मीठ कमी होतं."