बलक

आमच्या घरात अंड्यातलं पांढरं कुणी खात नसे.
ते एलिफॅलेटच्या कागदाला लागायचं.
मी फेस धरेपर्यंत फेटायची, रात्रभर निवत ठेवायची,
सकाळी त्यावर कागद अलगद तरंगत सोडायची;
एक बुडबुडा राहिला तरी
गिऱ्हाइकाच्या गालावर देवीचा वण उठायचा.
बलक आमच्या वाट्याला.
बलकाचा केक, बलक घातलेलं सूप,
पावावर नुसताच बलक.
पोरं विचारायची, आई, आज पण पिवळंच का?

हॉलोवे फोर्क ते केवढं गाव.
एक गिरणी, दोन चर्चं, त्यांचंही आपसात पटत नसे,
आणि लोहाराच्या माडीवर आम्ही,
उत्तरेकडच्या छपराला काचा बसवून.
लोक सरपण देऊन चेहरा न्यायचे,
मक्याची पोती देऊन.
निळ्या डोळ्यांचे मात्र भांडायला परत यायचे:
काचेला निळं कळत नाही, ते पांढरं उठतं.
जेडेदिया पूल आंधळा दिसला
म्हणून त्याने डुकराची मांडी परत मागितली.
अर्धी आम्ही खाल्ली होती.

ओबेड ट्रेडविक पिंपं बांधायचा.
ऑक्टोबरात बायकोला घेऊन आला, केझायाला,
आणि सात महिन्यांच्या पोराला;
दोन डझन अंडी, गवतात नीट लावलेली.
पोर काही स्थिर बसेना.
मोठ्यांच्या मानेमागे लोखंडी चिमटा लावता येतो,
एवढ्याशा जिवाला काय लावणार?
मग नेहमीचंच केलं:
केझायाला खुर्चीत बसवलं,
तिच्यावर डोक्यापासून टेबलाची जाड तपकिरी चादर,
आणि वर, मांडीवर, पोर;
एकटंच एखाद्या टेकडीला टेकल्यासारखं.
आठ मोजेपर्यंत, एलिफॅलेट म्हणाला.
चादरीखालून ती काहीतरी गुणगुणत होती.
पोर ऐकत राहिलं.

नंतर मी कात्रीने लंबगोल कापला.
पोर तेवढं ठेवलं.
टेकडी केराच्या टोपलीत.

मार्चमध्ये ओबेड एकटाच जिना चढून आला.
टोपी हातात. टोपी डोक्यावर. परत हातात.
छातीत कफ धरला, म्हणाला, चार दिवसांत गेली.
तिचा एखादा फोटो?
तिचा आपण काढलाच नव्हता, एलिफॅलेट हळूच म्हणाला.
काढलात की, ओबेड म्हणाला.
होती ना ती. चादरीखाली.

मी फळीवरून काच काढली, दोनशे बारा नंबरची.
काचेवर सगळं उलटं असतं:
पोराचा पांढरा झगा कोळशासारखा,
आणि ती, तिच्यातून तर
समोरचा लोहाराचा धूर दिसत होता.
मार्चचं ऊन ते, अशक्त;
चौकट दिवसभर खिडकीत ठेवावी लागली.
संध्याकाळी पाण्यातून वर आली ती सबंध:
खांद्यांचा उतार, गुडघ्यांचे दोन उंचवटे,
चादरीच्या काठाबाहेर एका बुटाचं टोक,
नाडी सुटलेली.
वर, तोंडाच्या जागी,
चादर थोडी पुसट.
बाकी वीण न् वीण मोजून घ्यावी इतकी स्वच्छ.

एलिफॅलेट म्हणाला, इथे हललंय, एवढं कापून टाक.
मी कात्रीवर बसले.

ओबेडने पुसट भागाकडे पाहिलंच नाही, की पाहिलं, मला कळलं नाही.
बुटावर अंगठा ठेवून म्हणाला,
जिन्यात सांगितलं होतं मी तिला, नाडी बांध, पडशील.

त्याने डझनभर अंडी आणली होती.
मी घेतली. नसती घेतली तर
त्याला ती भीक वाटली असती.
त्या रात्री फेटायला बसले नाही.
अख्खी तळली सगळी.
पोरं ताटाकडे बघत राहिली,
आणि धाकटीने काट्याने टोचत विचारलं,
आई, हे भोवतीचं पांढरं काय आहे?