बुजगावणं

गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबावर
एक माणूस लटकतो. माणूस म्हणजे पेंढा,
गोणपाट, काळ्या रंगाचे डोळे.
गळ्यातली पाटी मी लिहिली, माझं अक्षर बरं म्हणून :
चोरा, यानंतर तू.

मंगळवारी लुसिओचं शिलाई मशीन गेलं,
शुक्रवारी इर्माचे दोन गॅस सिलिंडर.
कुत्री भुंकलीसुद्धा नाहीत.
मग सभा झाली. एल आल्तोत, इतक्या वर,
पोलीस चढून येईस्तोवर उजाडतं.
शिट्ट्या वाटल्या, पाळ्या लावल्या,
आणि हा बांधला.
पेंढा माकारिओचा, बूट कुणाचे कोण जाणे,
जाकीट म्हाताऱ्या सातुर्निनानं दिलं.
"ग्रोव्हरचं आहे. साओ पावलोत
म्हणे थंडी नसते."
चार वर्षं फोन नाही, हे ती बोलली नाही.
आम्हीही विचारलं नाही.

काल तिची पाळी होती.
पहाटे बघतो तर खांबावर
उघडा पेंढा, वाऱ्यानं पिंजलेला.
जाकीट गायब!
सगळे धावले. कुलपं चाचपली,
सिलिंडर मोजले. जागच्या जागी.
शिट्टी तिच्या गळ्यातच, कोरडी.

"पोरगाच होता," ती म्हणाली.
"तिथंच अंगात घातलं त्यानं.
बोटं गारठलेली, चेन वर जाईना."

शालीवरचं गोठलेलं दव झटकत
ती घराकडे वळली, आणि वळता वळता
माझ्याकडे न बघता :
"ती चेन अडकतेच मेली.
खालून कुणीतरी धरावी लागते."