अंधार कमी पडतोय

बस, श्रेणिक. स्टूल डुगडुगतंय, भिंतीला टेकव.
सतरा मिनिटं चाळीस सेकंद. दोनदा पाहिली.
एकदा दुकानात, गिऱ्हाईक बल्बचा होल्डर परत करायला आलं तोवर,
एकदा रात्री, पंखा बंद करून.

आधी पैशाचं. साडेअकरा हजारांत
तू हरिपुरात पेव उघडून घेतलंस,
पुरानंतर उरलेल्या दोन-चारांतलं एक.
तोंडावरची माती काढणाऱ्यांना नुसत्या भडंगावर नाही भागवलंस,
जेवू घातलंस. मला हे जमलं नसतं.
आणि ती आई. हळदीचे हात धुते,
पुन्हा धुते, पाणी पिवळंच जातं.
तिथं कात्री लावू नकोस,
लांबलंय म्हणून कुणी सांगितलं तरी.

आता ऐक. चहा येईपर्यंत तरी रागावू नकोस.

तुझा अंधार मळका आहे.
मोबाईलला दिसेना तिथं त्यानं आपल्या मनानं
राख कालवलीय.
अंधाराला काठ लागतो, मर्दा.
तीस वर्षं स्पर्धेच्या नाटकांना दिवे लावले,
डिमरवर बोटं भाजून घेतली,
तेव्हा एवढंच कळलं : काळं दाखवायचं असेल
तर कुठंतरी एका कानाची पाळी उजळ ठेवावी.

ते फुकटातलं व्हायोलिन काढ.
माणूस घाबरायच्या आधी तेच घाबरतं.
बाराव्या मिनिटाला मागं हरिपूरची बस हॉर्न देते,
ती मात्र राहू दे. चूक असेल तुझी, तरी राहू दे.
खाली माणूस असताना
वरून बस वेळेवर जाते.

आणि ती किंकाळी.
तुझा हमाल उतरतो, गळा धरतो, ओरडतो,
तोंडातून लाल. ते कुंकू आहे, कळतं.
श्रेणिक, पेवात कुणी ओरडत नाही.
आधी दोरीला बांधून कंदील सोडतात.
विझला, तर थांबायचं. तोंड उघडं ठेवून दिवसभर थांबायचं.
त्या दिवशी व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता.
वाऱ्यानं विझला असंल, म्हणत
आमचा थोरला उतरला.
कंदिलाची दोरी माझ्या हातात, मी नऊ वर्षांचा.
तो खाली बसला.
नुसता बसला, दमलेला माणूस पोत्यावर बसतो तसा.
मी हाकेची वाट बघत होतो.
बराच वेळ.

हे सांगायचं नव्हतं. सूचना म्हणून लिहून घे :
किंकाळी काढ. त्याला बसव.
वर एक पोर ठेव, त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा,
हलवायचा नाही.

बाकी किरकोळ. नावांची पाटी फार पळते,
मी चष्मा लावेपर्यंत संपली.
थांबवून पाहिलं तर 'प्रकाश'च्या पुढं मोकळी जागा.
टॉर्च तुझ्या बहिणीनं धरला होता ना?
तिचं नाव घाल.

पुन्हा घेणार असशील तर सोमवारी दुकान बंद असतं.
माझ्याकडं दोन दिवे आहेत, एकाची वायर खराब.
कंदीलही आहे. काच तडकलेली, वात नवी घालावी लागेल.
आधी तो सोडू, दोरी मी धरतो.
विझला, तर त्या दिवशी शूटिंग नाही.