चांदणी आणि टिंब यांच्यामध्ये

एरंडवण्यात, दातांच्या दवाखान्यावर
आमची मुद्रणाची खोली. अंधांसाठी पुस्तकं.
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत,
तरी पौड फाट्याचा एखादा हॉर्न आत येतोच,
की ते वाक्य पुन्हा.

उरतात तुकडे. खोकल्याचे, घोट घेतल्याचे,
"थांबा हं, चष्मा" म्हटल्याचे.
दर शनिवारी ते पुसायचं काम माझं आणि राजसचं.

राजस माऊसनं पुसतो. तुकडा चिमटीत धरल्यासारखा
ओढत नेऊन कचरापेटीच्या चित्रावर सोडतो.
पेटी रिकामी करताना यंत्र विचारतं, नक्की ना?
म्हणून तो ती रिकामीच करत नाही.
एप्रिलात डिस्क भरली तेव्हा
पेटीत दोन वर्षांचे खोकले निघाले.

मी हसलो होतो.
मला काळा पडदा आवडतो.
एक ओळ, एंटर, स्वच्छ.

त्या शनिवारी मी लिहिलं
आरएम, चांदणी, टिंब, टीएमपी.
चांदणी म्हणजे काहीही,
टिंब टीएमपी म्हणजे त्यातलं फक्त टाकाऊ,
दोन्ही जोडून असतील तर.
माझा अंगठा मध्येच स्पेसबारला लागला.

चांदणी एकटी पडली.
काहीही म्हणजे काहीही.

यंत्रानं तक्रार केली ती एवढीच:
टिंब टीएमपी नावाची फाइल सापडली नाही.

सातवं प्रकरण गेलं.
बॅकअप गुरुवारचा, उकिडवेबाई वाचून गेल्या शुक्रवारी.

आमच्या सोसायटीत कचरा न्यायला शेवंताबाई येतात.
मागं एकदा ओल्यातून चमचा काढून
धुऊन, दाराच्या कडीला अडकवून गेल्या.
काळ्या पडद्यामागं शेवंताबाई नाहीत,
हे मला ठाऊक होतं. वीस वर्षं ठाऊक होतं.

बाईंना फोन केला. "मंगळवारी येते," म्हणाल्या.
बिबवेवाडीहून दोन बस बदलून आल्या, तोंडात लवंग.
सबंध प्रकरण पुन्हा वाचलं.
"बरं झालं हो, मागच्या खेपेला
'तत्पूर्वी'ला अडखळले होते मी."

आता मी आधी एलएस लिहितो.
तीच चांदणी, तेच टिंब, जोडून.
यादी येते. नावं मोठ्यानं वाचतो, राजस खिदळतो.
मग वरचा बाण, एलएस खोडून आरएम,
पुढं एक छोटा आय,
म्हणजे पडदाही एकेका फाइलला विचारतो.
हो. हो. हो. थांब, नाही.
राजस एक तारखेला पेटी रिकामी करतो,
मी मागं उभा राहिलो तर.

सातव्या प्रकरणात, तिसऱ्या मिनिटाला,
म्हातारा कंदील उलटा धरतो त्या ओळीवर
बाई पहिल्या वेळी फिसकन हसल्या होत्या.
कापायचं की ठेवायचं,
आमचं ठरलं नव्हतं.

नव्या फाइलीत ती ओळ स्वच्छ आहे.